योसेफाचं डोकं

मासो कुंभाराने चाळीस वर्षं फ्लॉरेन्समधल्या औषधवाल्यांना बरण्या पुरवल्या आणि परक्या चर्चांना मातीच्या लिंबांच्या माळा. ज्या चर्चमध्ये त्याचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला, त्याच्या दारावर मात्र त्याच्या हातचं एक लिंबूसुद्धा नव्हतं. आता तिथे येशूजन्माचं उठावशिल्प बसायचं होतं, निळ्या पाटावर पांढऱ्या चकचकीत मूर्ती, आणि ते मासोचं होतं. नाताळला आठ दिवस होते. गुडघे कधीच गेले होते; पुढचं दार मिळेपर्यंत हा माणूस टिकेल, अशी हमी त्याची बायको तेल्दाही देत नव्हती.

शिल्प लोकरीचे व्यापारी मेस्सेर बाल्दो देवाला वाहणार होते. अट एकच: बाळाजवळ आपला चेहरा हवा. बैल आणि गाढव सोडलं तर बाळाजवळ पुरुषाची जागा एकच, बाळाच्या आईच्या नवऱ्याची. मासोने त्यांना योसेफ केलं, आणि योसेफ जसा करतात तसाच केला: म्हातारा, खोगिराला टेकलेला, गालाला हात, डोळे मिटलेले.

रिवाजाप्रमाणे तयार शिल्प दुकानाच्या दारात मांडलं. फ्लॉरेन्सचा माणूस आशीर्वाद देताना विचार करतो. मत देताना करत नाही. पहिला आला नूतो खाटीक.

"अरे, हा तर आपला बाल्दो! मूल झालं तरी ह्याला पत्ता नाही!"

मेस्सेर बाल्दो बासष्ट वर्षांचे. त्यांची बायको निकोलोझा चोवीसची, आणि सातव्या महिन्यात. त्यामुळे गल्लीला विनोद समजावून सांगावा लागला नाही.

दुपारी मेस्सेर स्वतः आले. "मासो, मला जागं कर."

"मेस्सेर, एकदा भट्टीतून निघालेल्या माणसाला मी काय, पोपही उठवू शकणार नाहीत."

"मग दुसरं डोकं कर, उघड्या डोळ्यांचं. नाहीतर दारावर पलीकडच्या चेन्नी कुंभाराचं शिल्प बसेल. त्याचा योसेफ कंदील धरून उभा असतो म्हणे."

डोकी वेगळी भाजून मागाहून गळ्यात बसवलेली होती, म्हणून एवढं तरी शक्य होतं. मासोने योसेफाचं डोकं उपटलं, गळ्याच्या खाचेचं माप घेतलं आणि नवं डोकं घडवलं. डोळे असे वटारलेले, की जणू बैलाने पायावर खूर ठेवलाय. शेकोटीपाशी वाळवलं, भाजलं, झिलई चढवून पुन्हा भाजलं. नाताळला दोन दिवस असताना ते बाहेर आलं आणि योसेफाच्या गळ्यात डुगडुगायला लागलं.

माती भट्टीत आटते. माप भाजलेल्या खाचेचं घेतलं, तर डोकं वाढवून घडवायला हवं. हे मासोने चाळीस वर्षं शिकाऊ पोरांच्या टाळक्यात ठोकून बसवलं होतं. स्वतःच्या टाळक्यात ठोकणारं कुणी नव्हतं.

"तेल्दा, संपलं," तो मातीच्या पिंपावर बसला. "जा, चेन्नीला सांग कंदील पेटवायला."

"अहो, बापाचं डोकं बाळाएवढं झालंय!" तेल्दा पोट धरून हसली. मग ते डोकं कांद्यासारखं हातात घेऊन शिल्पापाशी गेली आणि एकेकाचं डोकं काढून त्याच्या गळ्याला लावून पाहू लागली. मागच्या टेकडीवर एक मेंढपाळ होता. दूरचा, म्हणून अंगाने लहान घडवलेला. "हे बघा. ह्याला कसं बेतून घेतल्यासारखं बसतंय."

"आणि योसेफ काय बिनडोक्याचा ठेवू?"

तेल्दाने फळीवरून एक धुळकट डोकं काढलं. तडकलेल्या एका जुन्या शिल्पातला संत पेत्र, येशूच्या ऐन संकटाच्या वेळी बागेत झोपलेला. "ह्याला सवय आहे. खुद्द प्रभूने हाका मारल्या तरी उठला नव्हता."

डोकं बसलं.

दुसऱ्या दिवशी मेस्सेर बाल्दोंनी शिल्पात स्वतःला शोधलं आणि शेवटी टेकडीवर गाठलं.

"मला बाळाजवळ जागा हवी होती."

"बाळाजवळ काय मेस्सेर, गाढवही आहे. पण देवदूताची हाक पहिल्यांदा ऐकली ती वर टेकडीवरच्या मेंढपाळांनी. सगळं बेथलेहेम घोरतंय, जागे फक्त तुम्ही."

"आणि हा खाली झोपलेला कोण?"

"तुमच्या ओळखीतला नाही."

मेस्सेरनी मिशीवरून बोट फिरवलं. "बसवून टाक."

नाताळच्या सकाळी सगळी वस्ती दाराखाली मान वर करून उभी होती. नूतोने डोळ्यांवर हात धरला.

"बाल्दो जागा आहे की! पण हा टेकडीवर, तर घरात कोण?"

चर्चच्या पायरीवर लोक हसून वाकले. निकोलोझाने शालीत तोंड लपवलं. तिचे खांदे हलत होते. मेस्सेर बाल्दोंना एका कानाने कमी ऐकू येई. ते मासोकडे झुकले.

"काय म्हणतोय तो?"

मासोने दारावर पाहिलं. चुना रात्रीतच पक्का धरला होता. आता छिन्नी लावल्याशिवाय काहीही निघणार नव्हतं.

"तुम्ही जागे आहात म्हणतोय, मेस्सेर."