लहानूची माती

भोकरदऱ्यात भाताच्या आवणीचे दिवस होते. चांगुणा सकाळीच सरपंच रामहरी पाटलांच्या खाचरात रोपं लावायला गेली होती. तिचा ऐंशी वर्षांचा बाप बन्सी दारात बसून बैलाचं दावं वळत होता. दुपारी बांधावर भाकरी सोडली तोच भिंगारहून रूथबाईंचा फोन आला.

"चांगुणाताई, कवटी आली. गुरुवारी नगरला या. बाबांनाही आणा."

चांगुणानं घास तसाच खाली ठेवला.

रूथबाई कॉलेजात इतिहास शिकवत. जुन्या कागदपत्रांत त्यांना एक नोंद सापडली होती : लहानू, मांग, भोकरदरा, तालुका अकोले. १८७७च्या दुष्काळात माणसं झाडपाला खाऊन मरत असताना या लहानूनं सावकाराचं धान्याचं पेव फोडलं आणि गावभर दाणे वाटले. झटापटीत एक पहारेकरी मेला. लहानूला फाशी झाली. एका इंग्रज डॉक्टरनं त्याचं मुंडकं कापून घेतलं आणि कवटी विलायतेतल्या एका संग्रहालयाला धाडली. तिथं गुन्हेगार जातींच्या कवट्यांचं एक कपाटच होतं. बन्सी हा लहानूचा पणतू. घरात पिढ्यान्‌पिढ्या लहानूचं नाव निघे. त्याची माती कुठं झाली, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. बाईंनी तीन वर्षं पत्रं लिहिली, तेव्हा कुठं ती कवटी परत आली.

नगरच्या सरकारी कचेरीत साहेबांनी पेटी उघडली. कवटीच्या कपाळावर काळ्या शाईत काहीतरी लिहिलेलं होतं.

"काय लिवलंय, बाई?" बन्सीनं विचारलं.

रूथबाई घुटमळल्या. "नंबर आहे, बाबा. आणि जात."

"आन् नाव?"

"नाव नाही."

बन्सीनं धोतराचा सोगा ओला केला आणि कपाळ पुसायला लागला. बराच वेळ पुसत राहिला. शाई गेली नाही.

गावात तोवर फ्लेक्स लागले होते : 'हुतात्मा लहानूबाबा यांना मानाचा मुजरा.' ग्रामपंचायतीत बैठक भरली. रामहरी पाटील उत्साहानं सांगत होते, "आमदार येनार हायेत. ट्रॅक्टर सजवू, मिरवनूक काढू. चौकात स्मारक करू. गावाचं नाव हुईल."

बन्सी दाराशी उभा होता. तो म्हणाला, "स्मारक ऱ्हाऊ द्या, पाटील. गावाच्या मसनवट्यात त्याला हातभर जागा द्या."

रामहरी सावकाश बोलले, "बन्सीबाबा, तुमची जागा हाय की वढ्याकाठी. ज्याची त्याची रीत हाय. आमी कदी तुमच्या आड आलो का?"

ओढ्याकाठची ती जागा चांगुणाला चांगली माहीत होती. दोन वर्षांमागं पुरानं तिथली दरड कापून नेली. त्याच्या आठ महिने आधी पुरलेली तिची आई उघडी पडली होती. हातातल्या बांगड्यांवरून चांगुणानं तिला ओळखलं होतं. गावाचं स्मशान मात्र उंचावर होतं. तिथं सरकारी पैशातून बांधलेली शेड होती, पाण्याचा नळ होता. फाटकाला कुलूप होतं आणि किल्ली पाटलांकडं होती.

सोमवारी मिरवणूक ठरली. ट्रॅक्टर फुलांनी सजला, बँडवाले आले, शाळेची पोरं रांगेत उभी राहिली. रामहरींनी पेटी घ्यायला हात पुढं केले. चांगुणानं पेटी छातीशी धरली.

"पेटी न्हाई मिळायची."

"चांगुणे, पावनं आल्यात. तमाशा करू नगं."

"फ्लेक्सवर नाव चालतं, आन् हाडं चालत न्हाईत? त्यानं दानं वाटलं तवा तुमच्या पनज्यानं बी वंजळ धरली आसंल. तवा कुनी जात इचारली न्हाई. आदी मसनवटा उघडा."

रामहरी जवळ आले, आवाज खाली आणून म्हणाले, "उद्यापास्नं माझ्या खाचरात पाय ठिवायचा न्हाई."

"न्हाई ठिवत," चांगुणा म्हणाली. ती पेटी घेऊन स्मशानाकडं चालू लागली. मागून बन्सी निघाला, त्याच्यामागं वस्तीतली अकरा घरं निघाली. बँड वाजलाच नाही. आमदारांची गाडी वेशीवरूनच वळली.

फाटकाशी ते पाच तास बसून होते. रूथबाईंच्या फोनवरून तहसीलदार आले. जमीन सरकारी आणि सर्वांची, असं त्यांनी कागद काढून वाचून दाखवलं आणि पोलिसांसमोर कुलूप तोडलं. बन्सीनं स्वतः कुदळ घेतली. मूठभर माती टाकून तो मोठ्यानं म्हणाला, "लहानू. सोमाचा ल्योक लहानू." इतकंच बोलून तो खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

दुसऱ्या दिवसापासून गिरणीवाल्यानं वस्तीचं दळण घेणं बंद केलं. किराणा बंद झाला. चौथ्या दिवशी सकाळी चांगुणा स्मशानात गेली, तर खड्डा उकरलेला होता. फुटलेली पेटी ओढ्यात सापडली. कवटी सापडली नाही.

ज्यांनी लहानूला गुन्हेगार म्हटलं, त्यांच्या कपाटात ती दीडशे वर्षं धड राहिली. ज्यांच्या पोटासाठी तो फासावर गेला, त्यांच्या गावच्या मातीत ती चार दिवस राहू शकली नाही.

पोलीस ठाण्यात हवालदारानं पेन हातात धरून विचारलं, "नावं घ्यायची म्हणताय खरं. पण विचार करा, मावशी. तुम्हाला त्याच गावात राहायचंय ना?"

चांगुणानं बापाकडं पाहिलं. बन्सी बाकावर भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "मी मेलो की मला बी वरच न्यायचं, पोरी. वढ्याकाठी न्हाई."

"व्हय, आबा," ती म्हणाली. मग हवालदाराकडं वळली. "ऱ्हायचंय म्हनूनच आलीय. पैलं नाव लिवा. रामहरी पाटील."