कप्तानांना बसेल अशी सीट

जुन्या गाड्यांच्या त्या आवारात शिरताना कप्तानांच्या मुलाच्या हातात फोन होता आणि फोनात यादी. तीन दिवस खपून केलेली. सरकते दरवाजे हवेत. मागची सीट घडी करून दोन सायकली मावायला हव्यात. सीटचं कापड असं हवं की दूध सांडलं तरी पुसता यावं. आणि या सगळ्याच्या वर, पहिल्या नंबरला: बाबांच्या पाठीला बसेल अशी सीट.

“गाडी बाबा चालवणार, तर आधी बाबा बसून बघणार,” तो बायकोला म्हणाला. “आपलं काय, कोंबलं की कोंबले जातो.”

गेला दीड महिना सून तीन पोरांना दोन बस बदलून शाळेत पोचवत होती आणि तिथून धावतपळत चष्म्याच्या दुकानात कामाला जात होती. रोज पंधरा मिनिटं उशीर, रोज मालकाचं तोंड वाकडं. चार चाकं आणि सहा माणसांची सोय असलेली कुठलीही वस्तू तिला चालली असती.

ज्यांच्या पाठीची एवढी बडदास्त चालली होती ते कप्तान दोन पावलं मागे उभे होते. त्यांनी एकतीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवली. तेवढ्या वर्षांत कुणाचा आरसासुद्धा घासला नाही, म्हणून एका कंडक्टरने कौतुकाने हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की शेजाऱ्यापाजाऱ्यांना आता खरं नाव आठवत नाही. गाड्या बघायच्या म्हटल्यावर एके काळी हा माणूस उपाशीपोटी पळत आला असता. आज त्यांना काडीचाही रस नव्हता.

खरं म्हणजे वर्षभर त्यांना कशातच रस नव्हता. बायको गेली तेव्हा ते रडले नाहीत. लोक म्हणाले, खंबीर माणूस. खंबीर कसले? आत काही उरलं आहे की नाही हेच त्यांना समजत नव्हतं, आणि ते शोधायचा कंटाळा आला होता. ताट समोर आलं की जेवायचं, दिवा घालवला की झोपायचं. एकदा सून भाजीत मीठ घालायला विसरली तर सगळे ओरडले आणि कप्तान दुसऱ्यांदा वाढून घेत होते.

आणि पाय. पायांचं दुखणं जुनं होतं. मधुमेहाने आधी अंगठे बधीर झाले, मग बोटं, मग अख्खे तळवे. हे फक्त बायकोला ठाऊक होतं. रोज संध्याकाळी ती त्यांना खुर्चीत बसवायची, पाय मांडीवर घ्यायची आणि चष्मा लावून धान्य निवडावं तसे तळवे निरखायची. कुठे काच लागली आहे का, कुठे फोड आला आहे का. “तुम्हाला कळत नाही ना, मग मला बघू दे,” असं म्हणायची. ती गेल्यावर ते तळवे कुणी पाहिले नाहीत. कप्तानांनीही नाहीत.

मग दीड महिन्यापूर्वी घराच्या फाटकात ते झालं. शाळेतून आणलेल्या पोरांना उतरवून गाडी आत घेताना कप्तानांनी ब्रेक दाबला आणि गाडी पुढे उसळली. पाय ब्रेकवर नव्हताच. तो कुठे होता हे त्यांना खाली वाकून बघितल्यावर कळलं. धाकट्या नातीची लाल सायकल बंपर आणि खांबाच्या मध्ये सापडून पार चपटी झाली. उतरल्याबरोबर काढलेली सायकल तिथेच टाकून नात पाणी प्यायला आत पळाली होती, म्हणून नुसती सायकल.

“ब्रेक लागला नाही,” कप्तान म्हणाले. एवढेच तीन शब्द. आणि घराने ते डोळे मिटून मानले. मेकॅनिकने गाडी दोनदा खालीवर करून सांगितलं की ब्रेकला काही म्हणजे काही झालेलं नाही. मुलाने त्यालाच झाडलं, एकतीस वर्षं चाकामागे बसलेला माणूस सांगतोय आणि तू मला शिकवतोस? मग ती धडधाकट गाडी त्याने महिन्याभरात विकून टाकली. कप्तान तेव्हाही गप्प राहिले. बोलायला हवं होतं हे त्यांना कळत होतं, पण ते दूरवरून ऐकू यावं तसं कळत होतं.

दलालाने दोन व्हॅन निवडून पुढे काढून ठेवल्या होत्या, एक राखाडी आणि एक पांढरी. बोलणं असं की ऐकणाऱ्याचे कान चिकट व्हावेत. “काकांना बघूनच म्हटलं, या राखाडी गाडीतच बसणार,” तो म्हणाला. “आरामखुर्ची आहे आरामखुर्ची. बटण दाबा, वर. बटण दाबा, मागे. कमरेला टेकू वेगळा.”

राखाडीचा थाट होताच. मधल्या रांगेत दोन स्वतंत्र खुर्च्या, हात टेकायला मऊ दांड्या, पायाखाली जाड गालिचा. दोन खुर्च्या आणि तीन पोरं म्हटल्यावर आत जे युद्ध पेटलं त्यात थोरल्याने मधलीच्या वेणीला हात घातला आणि धाकटीची रवानगी मागच्या रांगेत झाली. पांढरी गाडी आधी एका बेकरीकडे होती आणि अजून तिला पावाचा वास येत होता. सरळ पाठीच्या कडक सीट, मध्ये सलग बाक, दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे, खाली धुता येईल असं रबर. यादीतल्या पहिल्या कलमाखालची सगळी कलमं तिच्यात होती. पण मुलाने तिच्या चालकाच्या सीटवर हाताने दाबून बघितलं आणि नाक मुरडलं. “हे म्हणजे शाळेचं बाकडं झालं. बाबांची पाठ तासाभरात कामातून जाईल.”

सून गंमत म्हणून राखाडीच्या स्टिअरिंगमागे बसली तर त्या मऊ गादीत इतकी रुतली की बाहेरून नुसता अंबाडा दिसत होता.

“लोकांना वाटेल गाडी आपोआप चाललीय,” नवरा म्हणाला, आणि पोरं खिदळली.

तीही हसली आणि लगेच उतरली. लायसन्स तिच्याकडे सहा वर्षं होतं. काढल्यावर पंधरा दिवस तिने गाडी चालवलीही होती. पण शेजारी कप्तान बसायचे. ते एक अक्षर बोलायचे नाहीत, फक्त खिडकीवरची कडी दोन्ही हातांनी अशी धरायचे की जणू गाडी कड्यावरून चालली आहे. सोळाव्या दिवशी तिने किल्ली खुंटीला अडकवली आणि पुन्हा घेतली नाही. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं की तिला गाडी चालवायची आवड नाही.

“चला बाबा, एक फेरी मारून येऊ,” मुलगा म्हणाला.

कप्तान राखाडीत बसले. पाठीला मऊ लागलं. शेजारी दलाल, मागे मुलगा, आणि “मी पण, मी पण” करत धाकटी. आवारातून रस्त्यावर, रस्त्यावरून चौकाला वळसा घालून परत. हात आपलं काम करत होते. आरसा, वळण, आरसा. दलाल एकसारखा बोलत होता. आवारात परत शिरून कार्यालयाच्या काचेसमोर थांबायचं म्हणून कप्तानांनी ब्रेक दाबला. गाडीचा वेग कमी झाला, पण ती थांबेना. त्यांनी आणखी जोराने दाबला. काचेपलीकडे एक बाई हातातला कप तसाच धरून उठून उभी राहिली. गाडी काचेपासून वीतभर अंतरावर थांबली.

दलालाने डॅशबोर्डवर टेकलेले दोन्ही हात काढून घेतले. मग म्हणाला, “ब्रेक जरा सैल दिसतोय. आजच्या आज नवे पॅड टाकून देतो काका, त्यात काय एवढं.”

“बघा!” मुलगा मागून म्हणाला. “माझ्या ध्यानातसुद्धा आलं नसतं. बाबांच्या पायाला लगेच कळतं.”

कप्तान खाली उतरले आणि चार पावलं चालले. मुलगा आणि दलाल पुढचं चाक बघायला वाकले होते. सून पांढऱ्या गाडीचा दरवाजा सरकवून बघत होती, मोठी दोघं तिच्या मागे.

“आजोबा, तुमची एक चप्पल कुठाय?”

धाकटी त्यांच्या पायाकडे बघत होती. कप्तानांनीही बघितलं. डाव्या पायात चप्पल होती. उजवा पाय उघडा, उन्हाने तापलेल्या खडीवर. ती परत गाडीकडे गेली, चालकाच्या बाजूने आत वाकली आणि ओढून ओढून चप्पल बाहेर काढली. मधोमध दुमडलेली.

“ब्रेकच्या खाली अडकली होती,” ती म्हणाली. “आजोबा, खडी केवढी तापलीय. भाजत नाही तुम्हाला?”

“नाही.”

“थोडंसं पण?”

“थोडंसं पण नाही.”

तिने यावर विचार केला. सात वर्षांची होती, एकेक गोष्ट पुरती समजून घेतल्याशिवाय पुढे सरकत नसे. “मग ब्रेक कसा कळतो?”

तेवढ्यात मुलाने हाक मारली. “बाबा, सांगा हो यांना तुम्हीच. ब्रेक लागत नाही ना?”

तीन शब्द तोंडाशी तयार होते. एकदा वापरलेले, चोख चाललेले. पुन्हा तेच म्हणायचं, नवे पॅड पडतील, राखाडी गाडी घरी येईल आणि सोमवारी सकाळी तिन्ही पोरं मागे बसतील. धाकटी चप्पल हातात धरून त्यांच्याकडे बघत होती. तिने एकदा बापाकडे बघितलं, पण बोलली काही नाही. आजोबा सांगतील, असंच तिला वाटत असावं.

“ब्रेक चांगला आहे,” कप्तान म्हणाले.

“अहो, आत्ता तर...”

“चप्पल अडकली होती खाली. आणि आपल्या त्या गाडीचाही ब्रेक चांगला होता.”

मुलगा उठून उभा राहिला. “म्हणजे?”

“पाय ब्रेकवर नव्हता माझा त्या दिवशी. मला कळलं नाही. आजही चप्पल गेलेली कळली नाही. तळव्यांना काही लागत नाही मला. बरीच वर्षं झाली. तुझ्या आईला माहीत होतं.”

त्यांचा आवाज असा सपाट होता की ते पुढच्या बसची वेळ सांगत आहेत असं वाटावं. मुलाचं तोंड उघडं राहिलं. त्याने धाकटीकडे बघितलं, मग तिच्या हातातल्या चपलेकडे.

“त्या दिवशी ही...” तो म्हणाला आणि थांबला.

“हो,” कप्तान म्हणाले.

सून जवळ आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. “दीड महिना,” ती म्हणाली. “दीड महिना बाबा, मी या पोरांना घेऊन बसमध्ये लोंबकळतेय. आणि आज आम्ही गाडी घेऊन तुमच्या हातात देणार होतो.” पुढे पुष्कळ बोलायचं होतं तिला, चेहऱ्यावर दिसत होतं. पण तिची नजर त्यांच्या उघड्या पायाकडे गेली आणि राहिलेलं तिने गिळलं.

दलालाला एकदम काचेपलीकडे काहीतरी काम आठवलं.

कप्तान लंगडत नव्हते, एका पायात चप्पल असलेला माणूस चालेल तसे खालीवर होत पांढऱ्या गाडीपाशी गेले. आत बसले नाहीत. चालकाच्या बाजूला वाकून त्यांनी सीटखालचा दांडा चाचपून शोधला आणि सीट पुढे सरकवली. एक खाच, दोन खाचा, तीन. मागे बघून त्यांनी सुनेची उंची नजरेने मोजली आणि आणखी एक खाच पुढे घेतली. मग आतला आरसा खाली वाकवला. एकतीस वर्षांत त्यांनी सीट कधी दुसऱ्यासाठी लावली नव्हती.

“ये,” ते म्हणाले. “बसून बघ.”

“मी?”

“तूच.”

“सहा वर्षं झाली बाबा मला. आणि तुम्ही शेजारी...”

“मी मागे बसेन. अगदी मागे.”

ती बसली. पाठ ताठ, पाय जमिनीला पुरते टेकलेले, समोर गाडीचं नाक दिसत होतं. मुलगा अजून तिथेच उभा होता. त्याने फोन खिशात टाकला, दलालाकडून पांढरीची किल्ली आणून बायकोला दिली आणि पोरांना आत चढवलं.

शेवटच्या रांगेतली सीट खरोखरच बाकड्यासारखी होती. कप्तानांचे गुडघे छातीशी आले. खिडकीवर तिथेही कडी होती. हात सवयीने वर गेला, मध्येच थांबला आणि मांडीवर परत आला. धाकटी त्यांच्या शेजारी येऊन बसली होती, चप्पल अजून तिच्याच हातात.

“पाय द्या,” ती म्हणाली.

“अगं, राहू दे.”

“तुम्हाला कळत नाही ना? मग मला बघू दे.”

आजीचं बघून बघून ती हे शिकली होती, की तिचं तिलाच सुचलं, कुणास ठाऊक. तिने त्यांचा पाय ओढून मांडीवर घेतला, रुतलेले दोन खडे नखाने काढले, टाचेजवळच्या काळ्या पडलेल्या फोडावर वाकून बघितलं आणि “ई” म्हणाली. मग चपलेची घडी सरळ करून ती पायात चढवली. तिची बोटं तळव्यावरून फिरताना कप्तानांना दिसली. लागली नाहीत. घशात मात्र काहीतरी दाटून आलं आणि दुखायला लागलं, चांगलंच. वर्षभरात पहिल्यांदा त्यांना काही दुखत होतं.

“सगळ्यांनी पट्टे लावले का?” पुढून सुनेचा आवाज आला, थोडा कापरा.

“लावले,” कप्तान म्हणाले, आणि नातीचा पट्टा एकदा ओढून बघितला. गाडी गचका देऊन निघाली, थांबली, पुन्हा निघाली. कप्तानांच्या खिडकीवरची कडी मोकळीच राहिली.