वर्षश्राद्धाचा ग्लास

माझ्या बायकोला, दमयंतीला जाऊन वर्ष झालं. त्या दिवशी तिच्या छातीत कळ आली तेव्हा आमचा थोरला मुलगा हरेश दारू पिऊन गाडीत पडला होता, चावी त्याच्याच खिशात. रिक्षा मिळवून पनवेलला पोचेपर्यंत ती गेली. ते मी विसरलेलो नाही.

मग तो व्यसनमुक्ती केंद्रात राहिला. आता सात महिने कोरडा आहे. द्रोणागिरीला गोदामात लागलाय, सून दिपिका त्याच्याबरोबर असते. त्यांची पाच वर्षांची भाविका मात्र कोनला माझ्याकडे. "पोर परत द्या," दोघांचं एकच. मी म्हटलं होतं, वर्षश्राद्धाला ठरवू.

आमच्या घरात पितरांच्या पानाशेजारी दारूचा ग्लास ठेवतात. कावळा शिवला की थोरल्या मुलानं तो ओठाला लावायचा. यंदा ग्लास ठेवू नका, असं केंद्रातल्या बाईंनी फोनवर सांगितलं होतं. मी ठेवला. काठोकाठ भरून.

कावळा शिवला. मी ग्लास हरेशपुढं धरला.

"घे."

"बाबा, नाय."

माझा भाऊ शिवा हसला. "अरं, नुसती ओठाला लावायची हाय. पिंप कुठं संपवायचंय? पिंपं संपवलीस तवा नाय लाजलास!"

"आईच्या पानाचा मान हाय," मी म्हटलं. "ती जिवंत असताना ठेवला नायस, आता तरी ठेव."

"काका, तुमी तरी सांगा बाबांना," दिपिका शिवाला म्हणाली.

"तू गप," मी म्हटलं.

हरेशचा हात पुढं आला. मला वाटलं, आता घेतो. घेतली असती तर पोर माझ्याकडंच राहिली असती. मला तेच पाहिजे होतं.

त्यानं हात मागं घेतला.

"पाजायचीच असंल तर आधी भाविकाला आत न्या. मला परत पिताना तिनं बघायला नको."

भाविका पानाजवळच बसली होती. बापाकडं बघत नव्हती. ग्लासाकडं बघत होती, अंग चोरून.

मी उठलो आणि ग्लास अंगणात ओतला.

"काशिराम, पितर तहानलेले गेले!" शिवा ओरडला.

"जाऊ देत."

आत जाऊन भाविकाचे कपडे पिशवीत भरले. पिशवी हरेशच्या पायाशी टाकली.

"ने. आनि तू परत माझ्या दारात येऊ नकोस. तिला दिपिका आणील."

"बरं," तो म्हणाला.

त्यानं पोरीला उचललं. मी त्याच्याकडं पाठ केली आणि शिवाला वाढायला घेतलं.