घेणेकरी नंबर सहा

आमच्या ह्यांना 'आपलं' म्हणायची फार सवय. आपलं दुकान, आपलं मशीन, आपलं कर्ज. मशीन घेताना मला कुणी विचारलं नव्हतं, पण कर्ज झालं तसं ते लगेच आपलं झालं.

दुकान चष्म्यांचं. पुढे काचेचं कपाट, मागच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, आणि कोपऱ्यात ते मशीन. हनुवटी टेकवून बसलं की डोळ्यांचा नंबर आपोआप कागदावर छापून येतो. मशीन चांगलं आहे, मी नाही म्हणत नाही. पण ते येऊन तीन महिने होतात न होतात तोच समोर एक झगझगीत दुकान उघडलं आणि दारावर पाटी लागली, 'डोळे तपासणी मोफत'. झालं! आमचं मशीन बसलं माश्या मारत. मग सुरू झाली ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. बँकेचा हप्ता क्रेडिट कार्डातून, कार्डाचं बिल थोरल्या भाऊजींकडून, भाऊजींचं तोंड बंद ठेवायला काचांच्या व्यापाऱ्याचं थकवायचं. दुकानमालकाचं भाडं तर कुणाच्या खिजगणतीतच नव्हतं.

ह्या टोप्यांमध्ये माझे नव्वद हजारही गेले. मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. डॉक्टरीणबाई दाताचं माप घेतात, मी साचा भरते, आणि तो बाहेर दात बनवणाऱ्या कारागिराकडे पाठवते. तो माणूस त्यावर असा दात घडवतो की खऱ्याला लाज वाटावी. मला ते काम शिकायचं होतं. एक वर्षाचा कोर्स, फी नव्वद हजार, आणि अट अशी की वयाची पंचेचाळीस पुरी व्हायच्या आत प्रवेश घ्यायचा. नऊ वर्षं मी पैसे साठवत होते. खातं दोघांच्या नावावर होतं, म्हणजे आपलं.

एक दिवस पासबुक भरून आणायला गेले तर शिल्लक साडेतीनशे. घरी येऊन विचारलं, तर हे चष्म्याची काडी पिळत म्हणाले, "आपलेच पैसे आहेत गं, कुठे जातायत?" गेले होते की! पण मी गप्प बसले. वर सासूबाईंना आणि दवाखान्यात सांगितलं, की मीच दिले, अडचण होती म्हणून. नवऱ्याची अब्रू झाकायची आपल्याला भारी हौस.

शेवटी बँकेची शेवटची नोटीस आली तेव्हा हे कर्ज सल्ला केंद्रात गेले. तिथल्या सल्लागार बाई कडक होत्या. त्यांनी सांगितलं, काही लपवायचं नाही, नवीन उधारी करायची नाही, आणि सगळ्या घेणेकऱ्यांना एकत्र बसवून फेडीची योजना ठरवायची. ज्याचं जेवढं येणं त्या मानाने त्याचा हप्ता, सगळ्यांना एकच न्याय. घरी येऊन हे पहिलं काय बोलले असतील? "बाईंचा चष्मा समोरच्या दुकानातला आहे."

बैठक रविवारी सकाळी आमच्याच दुकानात झाली. घरात पैशाचा खडखडाट होता तरी चहाचा मान माझा. बँकेचे साहेब आले, निवृत्तीला चार महिने उरलेले. काचांचा व्यापारी आला, दुकानमालक आला, भाऊजी आले. कार्ड कंपनीचा माणूस आला नाही, पत्र आलं. सल्लागार बाईंनी ते पत्र एका खुर्चीवर ठेवलं, आणि दुकानमालक उभा असूनही तिथे कुणाला बसू दिलं नाही. सासूबाई मशीनपुढच्या स्टुलावर बसल्या, आपल्या मुलाला कोण काय बोलतं ते बघायला.

व्यापारी योजनेचा कागद हात लांब करून वाचत होता. ह्यांनी ते पाहिलं आणि राहवलं नाही. "तुम्हाला जवळचा नंबर लागलाय शेठ. एक चष्मा करून देतो, आपलं दुकान आहे, पैशाचं काय एवढं!"

"फुकट?" सल्लागार बाई कडाडल्या. "ह्या माणसांनी परवानगी दिल्याशिवाय तुम्हाला साधी काडीसुद्धा फुकट देता येणार नाही!"

हे शाळेतल्या पोरासारखे खाली बसले. मला हसूही आलं आणि कीवही आली.

मग बाईंनी योजना वाचली. घेणेकरी पाच. मुदत पाच वर्षं. दरमहा दुकानाचं उत्पन्न इतकं, पत्नीचा पगार चौदा हजार, घरखर्च जाऊन उरेल ते वाटायचं. "पत्नीची सही इथे," त्या म्हणाल्या आणि माझ्यापुढे पेन धरलं.

मी चहाचा ट्रे खाली ठेवला. "माझा पगार यादीत आहे. मी कुठे आहे?"

"म्हणजे?"

"माझे नव्वद हजार आहेत ह्यांच्याकडे."

सगळे एकदम माझ्याकडे बघायला लागले. तोवर मी चहावाली होते. भाऊजी समजुतीच्या सुरात म्हणाले, "अगं वहिनी, घरच्याघरी कसला हिशोब? आपलेच दात, आपलेच ओठ."

"भाऊजी, दातांचं मला सांगू नका, त्यांतच नोकरी करते मी. आणि घरच्याघरी हिशोब नसतो, तर यादीत तिसरं नाव कुणाचं आहे?"

"आमचं बिऱ्हाड वेगळं आहे," भाऊजी म्हणाले. हेच भाऊजी वाटणीच्या वेळी 'आपण काय वेगळे आहोत का' म्हणत मोठी खोली घेऊन मोकळे झाले होते.

सासूबाईंनी पदर सावरला. "तू घरचीच ना गं?"

काय सांगू! वीस वर्षं माझ्या हातून कपबशी फुटली तरी 'बाहेरून आलेलीला काय कळवळा' ऐकत आले. पैसे द्यायची वेळ आली आणि मी एका क्षणात घरची झाले. मी म्हटलं, "आई, आजच्या दिवस मला बाहेरचीच राहू द्या. बाहेरच्यांचे पैसे परत मिळतात."

बँकेच्या साहेबांना ठसका लागला.

सल्लागार बाईंनी मात्र चष्मा वर सरकवला आणि नवीन ओळ आखली. "रक्कम नव्वद हजार. पुरावा?" मी पासबुक पुढे केलं. "पैसे काढल्याची नोंद आहे, पण खातं दोघांचं आहे. हे उसने दिले होते, की घरखर्चाला दिले होते? हे त्यांनी मान्य करायला हवं." त्या ह्यांच्याकडे वळल्या. "बोला. ह्यांनी तुम्हाला दिले होते का?"

हे माझ्याकडे बघत होते. 'हो, तिने दिले' एवढं म्हणून त्यांना अब्रू वाचवता आली असती. मी स्वतःच जगभर तसं सांगितलं होतं. नाहीतर 'आपलेच पैसे होते' म्हटलं असतं, तर विषयच संपला असता. हा माणूस आता 'आपले' म्हणाला, तर मी ह्या घरात कुणाच्या तोंडाकडे बघून राहायचं?

"तिने दिले नव्हते," हे म्हणाले. "मी घेतले. विचारलं नव्हतं."

भावापुढे, आईपुढे, ज्यांचे पैसे थकवले त्या सगळ्यांपुढे म्हणाले. सासूबाई खाली बघायला लागल्या. मला रडू येईल असं वाटलं, पण त्या दिवशी मी घेणेकरी होते आणि घेणेकऱ्याने रडायचं नसतं.

बाईंनी लिहिलं, 'घेणेकरी क्रमांक सहा'. हिशोब करून म्हणाल्या, "तुमच्या वाट्याला साठ हप्ते येतील. दरमहा दीड हजार."

"साठ महिन्यांनी मी अठ्ठेचाळीस वर्षांची असेन. माझी मुदत पंचेचाळीसला संपते. मला अठरा महिन्यांत हवेत, दरमहा पाच हजार."

"सगळ्यांना एकच न्याय आहे. बाकीच्यांनी मान्य केलं तरच."

"मग ह्यांचं कर्ज ह्यांच्या उत्पन्नातून फेडा. माझा पगार खोडा."

बाईंनी पगार खोडून पुन्हा बेरीज केली. मुदत निघाली अकरा वर्षं. बँकेच्या साहेबांनी ओठ चावला. दुकानमालक, जो सकाळपासून एका पायावर उभा होता, तो म्हणाला, "अकरा वर्षं मी राहतो की नाही! अहो, द्या ताईंना आधी." काचांचा व्यापारी म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं, कष्टाचा पैसा आहे." दहा मिनिटांपूर्वी माझी कुणाला पत्रास नव्हती, आता मी ताई झाले होते. भाऊजींनी सगळ्यांत शेवटी सही केली, तीही पेन नीट चालत नाही म्हणत. कार्ड कंपनीचं पत्र खुर्चीवर पडून होतं, त्याची संमती पुढे आठ दिवसांनी आली.

म्हणजे बघा, माझाच पगार दर महिन्याला योजनेत जायचा आणि त्यातलेच पाच हजार पाकिटात घालून मला परत मिळायचे. जाऊबाई हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. "अगं, स्वतःचेच पैसे स्वतःला देतेस आणि वर पावती फाडतेस?" फाडते! वीस वर्षं नुसते देत होते, तेव्हा कुठे कोण पावती देत होतं?

पण खरी गंमत मला पहिल्या महिन्यात कळली. योजनेचा नियम असा, की दर पाच तारखेला प्रत्येक घेणेकऱ्याला दुकानाचा पूर्ण हिशोब दाखवायचा. पाच तारखेला जेवणं झाल्यावर हे वही घेऊन माझ्यासमोर बसले, घसा खाकरला आणि वाचायला लागले. चष्मे किती गेले, काचा कितीच्या आणल्या, किती गिऱ्हाइकं फिरून गेली. मी तोंडात बोट घातलं. ह्या दुकानात महिन्याला काय येतं आणि काय जातं, हे लग्नाच्या बायकोला वीस वर्षांत कळलं नव्हतं, ते घेणेकरी नंबर सहाला एका संध्याकाळी कळलं.

मग दर पाच तारखेचं तसंच चाललं. हळूहळू वही मिटल्यावरही हे उठेनासे झाले. एका महिन्यात म्हणाले, समोरच्या दुकानाकडे बघवत नाही म्हणून मी पाठ करून बसतो. एकदा म्हणाले, मशीन घेतलं त्या रात्रीच कळलं होतं की चुकलं, पण तुला सांगायचं धाडस झालं नाही. मी विचारलं, आता कसं झालं? तर म्हणाले, "तुला हिशोब द्यावाच लागतो ना." दवाखान्यात दुसऱ्या दिवशी साचा भरताना दोनदा हात थांबला.

सतरा हप्ते वेळेवर आले. अठराव्या महिन्यात प्रवेशाची तारीख आठवड्यावर होती आणि मी चव्वेचाळीस पार करून आठवा महिना मोजत होते. पाच तारखेला हे आले ते उभ्यानेच. वही बगलेत, पाकीट हातात, चेहरा असा फुललेला की काय विचारता.

"घे बाई! शेवटचा. नव्वद पुरे झाले. एका घेणेकऱ्याच्या तावडीतून तरी सुटलो!"

मी पाकिटाला हात लावला नाही. "ठेवा तुमच्याकडेच."

"अगं, फी भरायची आहे ना? पाच कमी पडतील."

"पडणार नाहीत. डॉक्टरीणबाईंकडून घेतलेत. दहा शनिवार जास्तीचं काम करून फेडेन."

हे थक्क. "म्हणजे कर्ज काढलंस? माझे हातात आलेले पैसे सोडून? आता ह्याला काय म्हणावं! मी देणं फेडतोय आणि तू म्हणतेस फेडू नका?"

"नाही फेडलं तर मी यादीत राहते. यादीत राहिले तर पाच तारखेला तुम्हाला माझ्यासमोर बसावं लागतं."

हे पाकिटाकडे बघत राहिले. "मग पैसे घेतलेस तर मी बसणार नाही, असं वाटतं तुला?"

"वाटत नाही," मी म्हटलं. "वीस वर्षं बघितलंय."

मग त्यांनी पाकीट वहीच्या पानात ठेवलं, खुर्ची ओढली आणि नेहमीसारखा घसा खाकरला. "घेणेकरी नंबर सहा," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा बसलेला होता, "बाकी पाच हजार. ह्या महिन्यात चष्मे एकवीस गेले."