ताईच्या प्रोग्रामची पानं

ताई पाणीपुरवठा खात्यात प्रोग्रामर होती. कुठला पंप कधी चालायचा आणि कधी थांबायचा, हे तिचा प्रोग्राम ठरवायचा. तिची लिहिण्याची तऱ्हा मात्र मुलखावेगळी. एकाच फाइलमध्ये आधी साध्या भाषेत कारण सांगायचं आणि खाली त्याचा कोड. एक आज्ञा दिली की त्यातून यंत्रासाठी प्रोग्राम निघायचा, दुसरी दिली की माणसांसाठी पुस्तक. "यंत्र सांगितलं की ऐकतं. माणसाला पटवावं लागतं," असं म्हणायची.

मग तिला अर्धांगवायूचा झटका आला. समजत सगळं होतं, पण वाचा गेली, अक्षरं जुळवता येईनात आणि उजवा हातही गेला.

खात्यात नवे पंप यायचे होते. साहेबांनी तिच्या धाकट्या भावाला बोलावलं. तो छापखान्यात पानं लावायचा.

"नव्या पंपांसाठी तुमच्या ताईंचा प्रोग्राम बदलायला हवा, पण तो इथे कुणालाच उमगत नाही. पुस्तक काढून द्या, नाहीतर नवा प्रोग्राम घ्यावा लागेल."

भाऊ हात धुऊन त्या कामामागे लागला. फॉन्ट सापडेनात, ते मिळवले. ओळी समासाबाहेर पळत होत्या, त्या आत ओढल्या. शेवटी पानं निघाली. मथळे ठळक, कोड देखणा, आणि मधली जागा कोरीच. आपलंच काही चुकलं असेल म्हणून त्याने मूळ फाइल उघडली. ताईचं सांगणं त्या फाइलमध्येही नव्हतं.

"ते होय?" खात्यातला नवा प्रोग्रामर म्हणाला. "मी फाइल साफ केली, कोड तेवढा ठेवला. प्रोग्राम चालतोय की तसाच!"

"आणि जुनी प्रत?"

"तिच्यावरच सेव्ह केलं ना."

भावाने पानं ताईपुढे ठेवली. ती डाव्या हाताने उलटू लागली. 'पहाटेचा दाब' या मथळ्याखालच्या कोऱ्या जागेवर तिने बोट टेकवलं. ओठ हलले, नुसता आवाज निघाला.

"पाइप फुटेल म्हणून लिहिलं होतंस?"

तिने मान हलवली. नाही.

"पाणी गढूळ येतं म्हणून?"

नाही. सुचेल ते विचारून त्याने हात टेकले. पेन्सिल दिली, तर रेघोट्या उमटल्या. ताईने चिडून पानं ढकलून दिली.

"माझ्या हातात काही नाही हो," भाऊ ती पानं घेऊन खात्यात गेला तेव्हा साहेब म्हणाले, आणि ते खरंही होतं.

नवा प्रोग्राम सुरू झाला त्या पहाटे भाऊ ताईपाशी बसला होता. स्वयंपाकघरातला नळ भरभरून वाहत होता. ताई कान देऊन ऐकत होती. तिला काहीतरी खटकतंय, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. काय ते कळायला मात्र कुठलाच मार्ग नव्हता.