बंद कप्प्यातले तीन आकडे

मी एक जुना ऑब्जेक्ट आहे, म्हणजे एका माणसाची माहिती ठेवणारी प्रोग्रॅममधली पेटी. मित्रांनो, मला हात लावता येत नाही. मी प्रोग्रॅममध्ये राहतो आणि संगणक बंद झाला की फाइलमध्ये निजतो.

सेनगावजवळच्या एका खेड्यात मोहिनीबाईंनी मला घडवलं. गावातल्या बायकांचं बीपी त्या मोजायच्या आणि प्रत्येकीच्या नावाचा एक ऑब्जेक्ट करायच्या. मी त्यांच्या स्वतःच्या नावाचा. माझ्यात दोन कप्पे होते. उघड्या कप्प्यात तब्येतीबद्दल ज्या-त्या बाईने स्वतः सांगितलेला शब्द. दुसरा कप्पा प्रायव्हेट, म्हणजे बंद; त्यात वरच्या बीपीचे खरे आकडे. तो बाहेरून वाचायची सोयच त्यांनी ठेवली नव्हती. आकडे घरच्यांना दिसू नयेत, असं बायकांचंच म्हणणं होतं.

सारं गाव मोहिनीबाईंचं कौतुक करी. त्यांचे मालक बालाजी रोज मला उघडून बघत. मी म्हणे, "बरी."

"मशीनला काय इचारता? मी इथं बसलेय न्हवं?" त्या हसत.

"तू खरं सांगतीस व्हय कधी?"

सोयाबीनची काढणी संपली त्याच आठवड्यात त्या चुलीपाशी कोसळल्या. हिंगोलीला नेईपर्यंत सारं संपलं होतं.

मग चार महिने मला कुणी उघडलं नाही.

एका दुपारी त्यांची लेक प्रतिक्षा कॉलेजातून घरी आली. बालाजी म्हणाले, "बीपी एवढं वाढलंय हे तिला ठाऊक व्हतं का, एवढंच बघायचंय मला."

"आईनं बंद ठेवलंय बाबा ते."

"उघडतं का न्हाई?"

"उघडतं. रिफ्लेक्शन म्हणतात त्याला. ऑब्जेक्टलाच इचारायचं, तुझ्यात कोणते कप्पे हायत. मग बंद कप्प्यावरची मनाई उठवायची."

तिने चार ओळी लिहिल्या. माझा कप्पा उघडला. १७८. १९०. २०४. तिन्ही तारखा काढणीच्या.

बालाजींनी शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "हे बदलता येतं का? एकशेवीस कर."

"येतं." प्रतिक्षाने आकडा टाकला. माझ्यात १२० आलं.

त्यांनी ते पाहिलं. "राहू दे," ते म्हणाले. "तिचं हाय ते." प्रतिक्षाने काही जतन न करता प्रोग्रॅम बंद केला. म्हणून फाइलमध्ये अजून खरे आकडे आहेत.

मित्रांनो, बंद कप्पा उघडता आला तरी आतलं बदलू नका. आणि ज्याचा कप्पा आहे ते माणूस समोर असेल, तर माझ्याकडे येऊ नका. त्याच्यापाशी बसा, त्याला दवाखान्यात न्या. मला "बरी" एवढंच म्हणायला लावलं होतं. २०४ आत असताना मी रोज तेच म्हणत राहिलो.