कोनाड्याच्या मापाचं पिल्लू

धाकट्या भावाने कुत्र्याचं पिल्लू निवडलं ते मोजपट्टीने. लोकांची घरं सजवून देणं हा त्याचा व्यवसाय. स्वतःच्या दिवाणखान्यात, पुस्तकांच्या कपाटाच्या मधोमध, त्याने एक कोनाडा राखला होता. आत मखमली उशी, वर मंद दिवा. पुस्तकं पाठींच्या रंगांप्रमाणे लावलेली असल्यामुळे ती वाचून रांग मोडण्याचं पाप त्या घरात कोणी केलं नव्हतं. कोनाड्यात मात्र काहीतरी जिवंत हवं होतं.

थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, त्याला आधीच बजावलं होतं. "टॉय जातीचं, म्हणजे खेळण्याएवढंच राहणारं घेणार असशील तर पिल्लाची आई पाहिल्याशिवाय घेऊ नकोस. भावंडांतलं जे आपणहून तुझ्याकडे धावत येईल ते उचल. कोपऱ्यातलं सगळ्यांत बारकं गोंडस दिसतं, पण बहुतेकदा ते आजारी असतं."

भावाने मान डोलावली आणि सगळ्यांत बारकंच आणलं. "आई गावाला गेलीय, म्हणाला विकणारा," त्याने सांगितलं. कुत्री गावाला कशी जाते, हा प्रश्न भाऊ-भावजय या सुशिक्षित दांपत्यापैकी एकालाही पडला नव्हता.

ताई दातांची डॉक्टर. तिने पिल्लू मांडीवर घेतलं आणि सवयीने आधी तोंड उघडून पाहिलं. पुढचे दात हिरडीतून जेमतेम डोकावत होते. दाढांचा पत्ता नव्हता.

"तीन महिन्यांचं म्हणून दिलं तुला हे? अरे, हे अजून आईला पीत असायला हवं होतं."

"ताई, तू आपली माणसांचे दात बघ."

"तेच बघते रोज. असला निगरगट्टपणा तिथे नाही दिसत."

भावजय मध्ये पडली. तिच्या हातात मिठाच्या बरणीतला असावा एवढासा चमचा होता. "काळजी नको, ताई. विकणाऱ्याने सगळं समजावलंय. सकाळी एक चमचा, संध्याकाळी एक. जास्त दिलं की अंग धरतं."

"मग धरू दे की!"

"अहो, मग कोनाड्यात कसं मावेल?"

प्रश्न अगदी निरागसपणे विचारला गेला होता. उपासमारीला शिस्त म्हणणारी माणसं तिने वाचनात पुष्कळ पाहिली होती. त्यांतली दोन आपल्याच नात्यात निघावीत, याची तिला लाज वाटली. तिने शब्द मोजून सांगितलं: थोडं थोडं, पण दर तीन-चार तासांनी भरवा, ऊब द्या, एवढ्याशा अंगात साठा नसतो, वेळ चुकली की रक्तातली साखर उतरते. "आणि मग ते झोपल्यासारखं दिसतं. झोपलेलं नसतं, लक्षात ठेवा."

"तू फार बाऊ करतेस," भाऊ म्हणाला.

पुढच्या रविवारी एका मासिकाचा छायाचित्रकार घराचे फोटो काढायला येणार होता. ताईला बोलावलं नव्हतं. ती पिल्लासाठी आली. कोनाड्यात दिवा लागला होता आणि उशीवर पिल्लू निपचित होतं.

"काय शांत झोपलंय!" छायाचित्रकार म्हणाला.

"गुणीच आहे ते," भावजय म्हणाली.

सोफ्याआडून भाची पुढे आली. तिला सगळे टिचकी म्हणत. "आत्या, ते सकाळपासून उठतच नाहीये. फोटो होईपर्यंत खायला द्यायचं नाही म्हणाले पप्पा. उशी घाण करेल म्हणून."

ताईने पिल्लू उचललं तशी त्याची मान लुळी पडली. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. टेबलावर फोटोसाठी काचेच्या भांड्यात साखरेच्या वड्या रचल्या होत्या. तिने तो मनोरा एका हाताने उधळला.

"ताई, ती मांडणी—" भाऊ ओरडला.

"पाणी आण, टिचकी. कोमट."

साखर पाण्यात कालवून ती बोटाने हिरड्यांवर चोळत राहिली. सोफ्यावरची रेशमी चादर ओढून तिने पिल्लू गुंडाळलं. बऱ्याच वेळाने एक पाय थरथरला, मग जीभ हलली, आणि मग त्या अर्ध्यामुर्ध्या दातांनी पिल्लाने तिचं बोट धरलं.

भावाने सुटकेचा निःश्वास टाकला. "झालं ना बरं? मग पाच मिनिटं ठेव ना परत. उजेड जातोय."

ताई उठली. आवाज चढवण्याची तिला गरजच वाटली नाही. "या खोलीत एकच गोष्ट शोभेची नव्हती. ती मी घेऊन चालले. आधी जनावरांच्या डॉक्टरांकडे, मग माझ्या घरी."

"आमचं आहे ते!"

"मग चल माझ्याबरोबर. तो चमचाही घे, आणि डॉक्टरांना तूच दाखव."

भावाने छायाचित्रकाराकडे पाहिलं, मग खिडकीतल्या उजेडाकडे. तो जागचा हलला नाही. टिचकी मात्र उलटसुलट बूट चढवून दारात उभी होती.

मासिक यथावकाश निघालं. कोनाड्यात चिनी मातीचा कुत्रा होता. तो खात नव्हता, वाढत नव्हता, उशी घाण करत नव्हता. खाली ओळ छापली होती: 'प्राण्यांना जीव लावणारं घर.' ताईने ते पान फाडून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात अंथरलं, जिथे अंग धरलेल्या पिल्लाला शी-शूची सवय लावणं चालू होतं. गुळगुळीत कागदाने काहीच शोषून घेतलं नाही. सगळी फरशी पुसावी लागली. ताईने ती पुसली आणि दुसरं पान अंथरलं.